कार्बन मोनॉक्साइडची तीव्र विषबाधा : प्राणवायू व श्वसनसाहाय्य यांचे कार्य

हिवाळ्याच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजलेली माणसे सकाळी मृतावस्थेत आढळल्याच्या वार्ता उत्तर हिंदुस्थानातून वारंवार येतात. महाराष्ट्रात थंडी तितकी कडक नसल्याने शेगडीचे बळी कमी. तथापि स्नानगृहाची दारे-खिडक्या लावून आत गॅसचा गीझर चालू ठेवल्यामुळे मृत्यू ओढवल्याच्या घटना येथील वृत्तपत्रांतूनही वाचावयास मिळतात. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधील दामन येथे सहलीस गेलेले केरळचे आठ प्रवासी एकाच खोलीत गॅसवर चालणारे उष्णतायंत्र पेटते ठेवून झोपले आणि ते आठही जण दगावले. या सर्व घटनांतील घातक द्रव्य एकच आहे : कार्बन मोनॉक्साइड.

कोळसा, लाकूड, रॉकेल, पेट्रोल अथवा गॅस यांचे ज्वलन पुरेशा हवेत झाले म्हणजे त्यांतील कार्बनापासून कार्बन डाय-ऑक्साइड बनतो. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये हा वायू मुळात नसतो. कोंडलेल्या जागेतील सदोष ज्वलनामुळे तो उत्पन्न होतो. गळती ध्यानात यावी म्हणून त्या गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. परंतु जळताना ते द्रव्यही नष्ट होते, आणि मागे राहणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळ्यांस वा घशास त्याची चुरचुरही लागत नाही. निखाऱ्यांतून धूर निघेनासा झाला म्हणजे शेगडी निर्धोक झाली, ही समजूत यामुळेच अनेकांच्या जिवावर बेतते.

या विषावर टोचून वा पाजून देता येईल असे सर्वमान्य औषध अद्याप नाही. ज्या प्राणवायूची जागा हे विष बळकावते तो प्राणवायूच त्याचा उतारा होय. मात्र तो किती शुद्ध द्यावा, किती दाबाखाली द्यावा, किती वेळ द्यावा आणि ज्याला स्वतः श्वास घेता येत नाही त्याच्या फुप्फुसांत तो कसा पोचवावा, या प्रश्नांच्या उत्तरांवर रुग्णाचे जगणे-मरणे, आणि जगल्यास त्याची बुद्धी शाबूत राहणे, अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या उपचारामागील तत्त्वांचा परिचय करून द्यावयाचे योजिले आहे.

विष कसे बाधते

श्वासावाटे फुप्फुसांतील वायुकोशांत आलेला प्राणवायू रक्तात शिरतो, तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन या रंगद्रव्याशी सैलपणे जोडला जातो आणि शरीरातील पेशीसमूहांपाशी पोचल्यावर पुन्हा सुटा होतो. कार्बन मोनॉक्साइड हीमोग्लोबिनच्या त्याच जागी जोडला जातो. परंतु हीमोग्लोबिनची त्याच्याविषयीची ओढ प्राणवायूच्या मानाने २०० ते २५० पट अधिक असते. याचा अर्थ असा की, हवेत प्राणवायूच्या २१० भागांमागे कार्बन मोनॉक्साइडचा अवघा १ भाग असला तरी दोघांची चढाओढ बरोबरीची होते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तेव्हा हजार भाग हवेत या वायूचा १ भाग मिसळला आणि माणूस त्या हवेत पुरेसा वेळ राहिला, तर त्याच्या रक्तातील निम्मे किंवा त्याहूनही अधिक हीमोग्लोबिन निकामी होते.

निम्मे हीमोग्लोबिन गमावणे एवढाच हा अपाय असता तर तो कदाचित सोसता आला असता. दीर्घकाळच्या पांडुरोगाने ज्याच्या रक्तातील हीमोग्लोबिन निम्म्यावर आले आहे असा माणूस थकलेला दिसतो, पण हिंडतो-फिरतो. या वायूने निम्मे हीमोग्लोबिन अडवलेला माणूस मात्र बहुधा बेशुद्ध होऊन पडतो. या तफावतीचे कारण असे की, हीमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत वायू धरण्याच्या चार जागा असतात. त्यांपैकी काही जागी कार्बन मोनॉक्साइड बसला म्हणजे उरलेल्या जागी असलेला प्राणवायू अधिक घट्ट धरला जातो आणि पेशींपाशी पोचूनही सहजासहजी सुटत नाही. थोडक्यात, वाहतूक करणारी निम्मी वाहने अडवली जातात आणि उरलेल्या निम्म्या वाहनांची दारेही अर्धवटच उघडतात.

याखेरीज हा वायू हृदयाच्या व इतर स्नायूंतील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी आणि पेशींच्या अंतर्गत श्वसनास आवश्यक असलेल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराशीही संयोग पावतो. प्राणवायूची सर्वांत अधिक गरज मेंदू व हृदय यांना असल्यामुळे पहिला आघात त्यांवरच होतो. डोके दुखणे, भोवळ, मळमळ, बुद्धीचा गोंधळ, पायांतील बळ जाणे, बेशुद्धी, झटके आणि अखेर श्वास व हृदय बंद पडणे, असा साधारणपणे लक्षणांचा क्रम असतो. विचारशक्ती आणि पाय हे दोन्ही लवकर निकामी होत असल्यामुळे संकट ओळखूनही दारापर्यंत जाणे अनेकांना साधत नाही.

क्लोद बर्नार आणि हॉल्डेन

या वायूची क्रिया रक्तावर होते हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी प्रयोगांनी दाखविले. त्यांची या विषयावरील व्याख्याने १८५७ साली प्रसिद्ध झाली. या वायूने मेलेल्या जनावराच्या शरीरातील नीलांमधील रक्तही रोहिणींतील रक्ताप्रमाणे लालभडक असल्याचे त्यांना आढळले. एरवी काळसर दिसणारे नीलांतील रक्त लाल राहिले, याचा उलगडा त्यांनी असा केला की, या वायूने प्राणवायूला हुसकून लावून त्याची जागा पक्केपणी घेतली आहे. रक्ताचा लाल रंग म्हणजे प्राणवायूची विपुलता, हा नित्याचा ठोकताळा या विषाच्या बाबतीत चुकीचा ठरतो.

उपचाराचा शास्त्रीय पाया घातला तो जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. १८९५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले होते. हवेत मोजून मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड ते हुंगत, ठराविक अंतराने आपले रक्त तपासत आणि स्वतःची लक्षणे टिपून ठेवत. रक्ताची या वायूने झालेली संपृक्तता निम्म्याच्या आसपास गेली तेव्हा आधाराशिवाय चालणे त्यांना अशक्य झाले. पुढील वर्षी, म्हणजे १८९६ च्या जानेवारीत, वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. हॉल्डेन यांनी त्या मृतदेहांची पाहणी करून असे दाखवून दिले की, बहुतेकांचा मृत्यू स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने झाला होता. खाणीत लहान उष्णरक्ती प्राणी नेण्याची त्यांची सूचना याच अभ्यासातून निघाली. लहान प्राण्याचा श्वासोच्छ्वास जलद असल्याने तो माणसाच्या आधी कोलमडतो आणि इशारा मिळतो. ब्रिटिश खाणींतील कॅनरी पक्ष्यांची ही प्रथा १९८६ साली इलेक्ट्रॉनिक उपकरणे आल्यावर बंद झाली.

उपचाराच्या दृष्टीने हॉल्डेन यांचा सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग उंदरावरचा होय. त्यांनी एका भांड्यात प्राणवायूचा दाब सुमारे २ वातावरणे इतका वाढविला आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडही सोडला. उंदराचे हीमोग्लोबिन वाहतुकीस जवळजवळ निरुपयोगी झाले असतानाही तो जगला. वाढलेल्या दाबामुळे प्राणवायू रक्ताच्या द्रवभागातच एवढा विरघळला होता की, त्यावर प्राण्याची गरज भागली. या एका प्रयोगात दोन तत्त्वे अंतर्भूत आहेत. प्राणवायूचा दाब वाढवला की हीमोग्लोबिनसाठी चाललेल्या चढाओढीत त्याची बाजू वरचढ होते, हे पहिले. आणि हीमोग्लोबिन मोकळे होईपर्यंतच्या काळात विरघळलेला प्राणवायू पेशींना तगवू शकतो, हे दुसरे.

अर्धकालाचा हिशेब

हीमोग्लोबिनशी झालेला हा संयोग घट्ट असला तरी कायमचा नाही. माणूस विषारी हवेतून बाहेर आला की वायुकोशांतील प्राणवायू कार्बन मोनॉक्साइडला हळूहळू विस्थापित करतो व तो उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळास अर्धकाल म्हणतात. साध्या हवेत हा अर्धकाल ४ ते ६ तासांचा असतो. शुद्ध प्राणवायू हुंगविल्यास तो ७५ ते ८० मिनिटांच्या आसपास येतो. दाबकक्षात २.५ ते ३ वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिल्यास तो २० ते २५ मिनिटांपर्यंत उतरतो. हे आकडे सरासरीचे असून व्यक्तीगणिक त्यांत बराच फरक पडतो.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्याच्या रक्तातील ४० टक्के हीमोग्लोबिन या वायूने अडवलेले आहे असे समजू. त्याला केवळ मोकळ्या हवेत ठेवले तर ते प्रमाण २० टक्क्यांवर येण्यास सुमारे ५ तास, १० टक्क्यांवर येण्यास १० तास आणि ५ टक्क्यांवर येण्यास १५ तास लागतील. शुद्ध प्राणवायू दिल्यास हाच प्रवास ४ तासांच्या आसपास संपतो. मेंदूच्या पेशी प्राणवायूवाचून किती थोडा वेळ टिकतात हे ध्यानी घेता, पहिल्या तासात प्राणवायू मिळालेला आणि न मिळालेला रुग्ण यांत किती अंतर पडते ते सहज कळेल.

विरघळलेल्या प्राणवायूचा हिशेबही असाच बोलका आहे. निरोगी माणसाचे १०० घनसेंटिमीटर रोहिणीरक्त हीमोग्लोबिनच्या द्वारे सुमारे २० घनसेंटिमीटर प्राणवायू वाहून नेते. विश्रांतीच्या स्थितीत शरीर त्यांतील सुमारे ५ घनसेंटिमीटर वापरते. रक्ताच्या द्रवभागात विरघळलेला प्राणवायू साध्या हवेत जेमतेम ०.३ घनसेंटिमीटर असतो. शुद्ध प्राणवायू हुंगविल्यास तो सुमारे २ घनसेंटिमीटर होतो आणि ३ वातावरणांच्या दाबाखाली सुमारे ६ घनसेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे विश्रांतीची सारी गरज हीमोग्लोबिनच्या साहाय्यावाचूनही भागू शकते. ॲमस्टरडॅम येथील शल्यवैद्य बूरेमा यांनी १९६० साली हे प्रत्यक्ष करून दाखविले. तांबड्या पेशी जवळजवळ पूर्णपणे काढून घेतलेली डुकरे त्यांनी ३ वातावरणांच्या दाबकक्षात प्राणवायूवर जिवंत ठेवली.

श्वास चालविणे

प्राणवायूचा साठा शेजारी असला तरी तो वायुकोशांपर्यंत पोचला पाहिजे आणि विस्थापित झालेला विषारी वायू तेथून बाहेर पडला पाहिजे. दोन्ही कार्ये श्वासोच्छ्वासावर अवलंबून आहेत. तीव्र बाधेत मेंदूतील श्वसनकेंद्रच मंदावते. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा अडतो. उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत उतरण्याचा संभव असतो. अशा रुग्णाच्या तोंडावर नुसता मुखवटा धरून भागत नाही.

या बाबतीतील प्रयत्नांचा इतिहास उद्बोधक आहे. १९०३ साली शेफर यांनी सुचविलेल्या पद्धतीत रुग्णास पालथे निजवून त्याच्या पाठीवर तालबद्ध दाब देत असत. वायुबाधेच्या व बुडालेल्या रुग्णांसाठी ती अनेक वर्षे रूढ होती; परंतु तिच्यामुळे फुप्फुसांत फारच थोडी हवा खेळते. १९२० नंतरच्या काळात अमेरिकेतील येल विद्यापीठाचे हेंडरसन व हॅगार्ड यांनी प्राणवायूत ५ ते ७ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड मिसळून देण्याचा पुरस्कार केला. कार्बन डाय-ऑक्साइड श्वसनकेंद्रास उत्तेजित करतो, श्वास खोल होतो आणि विष लवकर निघून जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. गॅस कंपन्यांच्या बचावपथकांनी हे मिश्रण पुष्कळ काळ वापरले. तथापि ज्याचे श्वसनकेंद्र आधीच मंद झाले आहे त्याच्या रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड व आम्लता ही साठलेलीच असतात. त्यांत आणखी भर घालणे धोक्याचे ठरते, असे ध्यानात आल्यावर ही पद्धत मागे पडली. त्यातील मूळ विचार मात्र खोटा नव्हता. २००० साली निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात, जलद श्वासाने जेवढा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर जातो तेवढाच नेमका परत मिळेल अशी योजना केली असता, अर्धकाल अर्ध्या तासाच्या आसपास आला. विषाचे उत्सर्जन श्वासाच्या प्रमाणावरही अवलंबून असते, हे यावरून सिद्ध होते.

यांत्रिक श्वसनाचा आरंभही या विषाशी निगडित आहे. हार्वर्ड विद्यापीठात ड्रिंकर व शॉ यांनी १९२८ साली तयार केलेली श्वसनपेटी पुढे पोलिओच्या रुग्णांमुळे प्रसिद्धीस आली. तथापि तिच्यामागील मूळ प्रेरणांत वायुबाधेने श्वास थांबलेल्यांस वाचविण्याचा हेतू होता. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली असता ब्यर्न इब्सेन यांनी घशास छिद्र पाडून, आत नळी बसवून, हाताने दाबावयाच्या रबरी पिशवीने फुप्फुसांत वायू भरण्याचा उपाय अवलंबिला. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रात्रंदिवस त्या पिशव्या दाबून रुग्ण जगविले. आजच्या अतिदक्षता विभागांतील श्वसनयंत्राचे तत्त्व हेच आहे. शरीराबाहेर दाब कमी-जास्त करण्याऐवजी वायू थोड्या दाबाने थेट फुप्फुसांत सोडला जातो, आणि त्यामुळे तो किती शुद्ध असावा हेही नेमके ठरविता येते.

हल्ली तीव्र बाधेच्या रुग्णावर उपचार होतात ते पुढीलप्रमाणे. रुग्ण शुद्धीवर असून त्याचा श्वास चांगला चालला असेल, तर प्राणवायूची पिशवी जोडलेला व उच्छ्वास परत आत येऊ न देणारा घट्ट मुखवटा लावून दर मिनिटास १० ते १५ लिटर या वेगाने प्राणवायू देतात. नाकात बसविण्याच्या बारीक नळ्या या कामी अपुऱ्या पडतात, कारण त्यांच्याभोवतीची साधी हवाच अधिक प्रमाणात आत ओढली जाते. रुग्ण बेशुद्ध असेल, श्वास उथळ वा अनियमित असेल, किंवा आगीत सापडून त्याचा घसा भाजला असेल, तर विनाविलंब श्वासनलिकेत नळी घालून श्वसनयंत्राने शंभर टक्के प्राणवायू देणे अवश्य ठरते. फुप्फुसांत पाणी साठले असल्यास उच्छ्वासाच्या शेवटीही वायुकोशांत थोडा दाब राखला जातो, म्हणजे ते मिटत नाहीत. त्याच वेळी हृदयाचा विद्युत्‌आलेख काढणे, रक्तदाब सांभाळणे आणि झटके आवरणे ही कामे चालू असतात. सौम्य आम्लता हीमोग्लोबिनकडून प्राणवायू सुटण्यास साहाय्यक असल्याने ती घाईने औषध देऊन नाहीशी करीत नाहीत. घराला लागलेल्या आगीच्या धुरात सायनाइडही असू शकते. त्याचा संशय असल्यास हायड्रॉक्सोकोबॅलामिन हा निराळा उतारा द्यावा लागतो.

फसवी चिन्हे

कोरोनाच्या साथीनंतर बोटास लावावयाचे पल्स ऑक्सिमीटर नावाचे छोटे उपकरण अनेक घरांत आले आहे. रक्तातील प्राणवायूची पातळी त्यावर दिसते, असा सर्वसाधारण समज आहे. या विषाच्या बाबतीत तो समज घातक ठरतो. हे उपकरण तांबडा व अवरक्त अशा दोन प्रकारांच्या प्रकाशांचे शोषण मोजून हीमोग्लोबिनचा रंग ओळखते. कार्बन मोनॉक्साइडने लाल झालेले हीमोग्लोबिन त्यास प्राणवायूने लाल झालेल्या हीमोग्लोबिनसारखेच भासते. त्यामुळे रुग्ण मरणाच्या दारी असतानाही त्यावर ९७ किंवा ९८ असा निर्धास्त करणारा आकडा दिसू शकतो. क्लोद बर्नार यांना शवविच्छेदनाच्या वेळी दिसलेल्या लालीनेच आज या यंत्राची फसगत होते.

रक्तातील प्राणवायूचा दाब मोजणारी नेहमीची चाचणीही येथे दिशाभूल करते. विरघळलेला प्राणवायू पुरेसा असल्याने तो दाब स्वाभाविक येतो. खरे प्रमाण कळण्यासाठी अनेक तरंगलांबींचा प्रकाश वापरणारे को-ऑक्सिमीटर लागते. ते सर्वत्र उपलब्ध नसते, आणि असले तरी त्याचा आकडा सावधपणे वाचावा लागतो. वाटेत रुग्णवाहिकेत प्राणवायू मिळालेल्या रुग्णाच्या रक्तातील विषाचे प्रमाण रुग्णालयात पोचेपर्यंत उतरलेले असते, पण मेंदूस झालेली इजा तशीच असते. धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात हे प्रमाण एरवीही १० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. यास्तव निदान मुख्यतः परिस्थितीवरून करावयाचे असते. बंद जागा, पेटते इंधन आणि डोकेदुखी, गुंगी वा बेशुद्धी एवढे आढळले, आणि विशेषतः घरातील एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी त्रास झाला असेल, तर तपासणीची वाट न पाहता प्राणवायू सुरू करणे हाच योग्य मार्ग होय. संशय खोटा ठरला तरी काही तास दिलेल्या प्राणवायूने प्रौढ माणसाचे सहसा नुकसान होत नाही. खरा असून दुर्लक्षिला गेल्यास मात्र हानी भरून येत नाही.

दाबकक्षाचा प्रश्न

हॉल्डेन यांच्या उंदराला जो लाभ मिळाला तो माणसास मिळवून देण्याचा प्रयत्न १९६० साली ग्लासगो येथे स्मिथ व शार्प यांनी केला. त्या काळी ब्रिटनमध्ये घरोघरी दगडी कोळशापासून काढलेला गॅस पुरविला जाई व त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असे. त्या गॅसने बेशुद्ध झालेल्या रुग्णांस त्यांनी दाबकक्षात ठेवून प्राणवायू दिला. तेव्हापासून ही पद्धती अनेक देशांत रूढ झाली. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या उपचारासाठी असे कक्ष नौदले बाळगतात. आपल्याकडे मुंबईत तशी सोय आहे.

दाबकक्षाने रक्त लवकर शुद्ध होते याविषयी दुमत नाही. मेंदूचे उत्तरकालीन विकार त्यामुळे टळतात काय, याविषयी मात्र संशोधकांत मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाबकक्षाचा कोणताही लाभ आढळला नाही. २००२ साली अमेरिकेतील वीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५२ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष याच्या उलट होता. २४ तासांच्या आत तीन वेळा दाबकक्षात ठेवलेल्या रुग्णांपैकी २५ टक्क्यांना सहा आठवड्यांनंतर स्मरण-आकलनाचे दोष आढळले, तर साध्या दाबाने प्राणवायू मिळालेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. उपलब्ध चाचण्यांचा २०११ साली एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हाही निर्णायक पुरावा मिळाला नाही. सांप्रत बेशुद्ध पडलेले, हृदयास इजा पोचलेले, विषाचे प्रमाण फार वाढलेले आणि गर्भवती अशा रुग्णांबाबत दाबकक्षाचा विचार अनेक तज्ज्ञ करतात. गर्भातील रक्तातून हा वायू मातेच्या रक्ताहून सावकाश निघत असल्याने आई बरी दिसू लागल्यावरही तिचा प्राणवायू दीर्घ काळ चालू ठेवावा लागतो.

या मतभेदातून एक व्यावहारिक निर्णय मात्र निर्विवादपणे निघतो. दाबकक्ष दूर असेल तर त्याच्या आशेने अस्थिर रुग्णास श्वसनसाहाय्यावाचून लांबच्या प्रवासाला पाठविणे अनुचित होय. तालुक्याच्या रुग्णालयातही प्राणवायूची टाकी, घट्ट मुखवटा व हाताने दाबावयाची श्वसनपिशवी असते, आणि पहिल्या तासातील बहुतेक कार्य तेवढ्यावर होऊ शकते.

शुद्धीवर आल्यानंतर

रुग्णाने डोळे उघडले, नातेवाइकांना ओळखले आणि पाणी मागितले म्हणजे संकट टळले असे सर्वांना वाटते व तो स्वतःही घरी जाण्याचा आग्रह धरतो. या ठिकाणी दोन गोष्टी स्मरणात ठेवणे आवश्यक आहे. पहिली अशी की, शुद्धी येण्यासाठी विषाचे प्रमाण शून्यावर यावे लागत नाही. ते बऱ्याच अंशी उतरले तरी पुरते. लक्षणे पूर्णपणे जाईपर्यंत व तपासणीत विषाचे प्रमाण स्वाभाविक पातळीवर येईपर्यंत प्राणवायू चालू ठेवावयाचा असतो.

दुसरी गोष्ट अधिक चिंतेची आहे. पूर्ण बरे वाटलेल्या काही रुग्णांत दोन दिवसांपासून सुमारे सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात नवे विकार उद्भवतात. विस्मरण होऊ लागते, स्वभाव बदलतो, चाल अडखळते, मूत्रविसर्जनावरील ताबा सुटतो किंवा कंपवातासारखा ताठरपणा येतो. मेंदूच्या गाभ्यातील ग्लोबस पॅलिडस या केंद्रास आणि मेंदूतील श्वेतद्रव्यास झालेली इजा अशा रुग्णांच्या मेंदूच्या चित्रणात पुष्कळदा दिसून येते. यांपैकी पुष्कळ जण काही महिन्यांत सुधारतात, परंतु सर्वच नाही. याकरिता घरी पाठविताना नातेवाइकांस या लक्षणांची कल्पना देणे व काही आठवड्यांनी रुग्णास पुन्हा तपासणे, हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. घरातील माणूस एकाएकी विसराळू वा चिडखोर झाला, याचा संबंध महिन्यापूर्वीच्या त्या रात्रीशी जोडण्याचे अन्यथा कोणाच्या मनातही येत नाही.

घटनास्थळीचे कर्तव्य

रुग्णालयातील उपचार कितीही प्रगत असला तरी त्याचा आरंभ घटनास्थळीच होतो. बंद स्नानगृहात वा खोलीत कोणी बेशुद्ध पडल्याचे आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, पेटता गीझर वा शेगडी बंद करावी आणि रुग्णास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे. सोडविण्यास गेलेला मनुष्यही त्याच हवेत श्वास घेत असतो. यास्तव आत अधिक वेळ थांबू नये व एकट्याने जाऊ नये. बाहेर आणल्यावर श्वास चालू असल्यास रुग्णास कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविताना गॅसची वा धुराची बाधा झाल्याचे स्पष्ट सांगावे, म्हणजे प्राणवायू वाटेतच सुरू होईल. श्वास थांबला असल्यास तोंडाने तोंडात श्वास भरावा व छातीवर दाब द्यावेत. १९५० नंतरच्या दशकात एलम व साफर यांनी दाखवून दिले आहे की, सोडलेल्या श्वासातही सुमारे १६ टक्के प्राणवायू असतो व तो दुसऱ्याचे प्राण तगविण्यास पुरतो. त्याच घरातील इतर माणसे बरी दिसत असली तरी त्यांनाही तपासावयास न्यावे.

हॉल्डेन यांनी स्वतःच्या रक्तावर पडताळून पाहिलेल्या नियमाचाच हा सारा विस्तार आहे. हवेत प्राणवायू व कार्बन मोनॉक्साइड यांचे जे परस्परप्रमाण असते त्यावर हीमोग्लोबिन कोणाच्या हाती जाईल हे ठरते. बंद खोलीत ते प्रमाण विषाच्या बाजूने झुकते; मुखवटा, श्वसनयंत्र व दाबकक्ष ही त्याला पुन्हा प्राणवायूच्या बाजूस वळविण्याची साधने होत. स्नानगृहास हवा येण्या-जाण्याची कायमची वाट ठेवणे, गीझर शक्यतो बाहेर बसविणे आणि पेटती शेगडी निजण्याच्या खोलीत न ठेवणे, हे उपाय त्याच नियमाला अनुसरून आहेत, आणि ते अमलात आणण्यास यंत्रांची वा तज्ज्ञांची आवश्यकता नाही.